दारची सातवीण

दिवाळी जवळ आल्याचे मला पंचांग सांगत नाही, की बाजारात टांगलेले आकाशकंदीलही सांगत नाहीत. मला ते नाकाने कळते. पावसाने नुकतीच पाठ फिरवलेली असते, दुपारचे ऊन टाळू तापवीत असते. आणि अशाच एखाद्या दिवशी, रात्रीचे जेवण आटोपून मी गॅलरीत येऊन उभा राहिलो, की एक जड, गोडसर, मागाहून किंचित कडवट लागणारा वास जिना चढून आलेल्या पाहुण्यासारखा समोर येऊन ठाकतो. स्वयंपाकघरातून आमच्या सौ.चा आवाज येतो, "आला वाटतं तुमचा वास!"

या 'तुमचा'मध्ये सारा इतिहास आहे. कारण कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी जी सातवीण उभी आहे, ती मी लावलेली आहे.

ही गोष्ट 1996 सालची. इमारत नवी होती आणि भोवताली सावली म्हणून नव्हती. फाटकाजवळ एखादे झाड हवे, असे सर्वांनाच वाटे. पण सर्वांना वाटणारी गोष्ट कोणा एकाला करावी लागते. मी रोपवाटिकेत गेलो. आंबा मागितला, तर तिथला माणूस हसला. बकुळ मागितली, तर म्हणाला, "साहेब, बकुळीची सावली तुमच्या नातवाला मिळेल. हे घ्या. गुरं याला तोंड लावीत नाहीत, पानं झडत नाहीत, आणि बघता बघता डोक्यावर जातं." मी ते रोप रिक्षात मांडीवर घेऊन आलो. खड्डा मीच खणला. दोन उन्हाळे बादलीने पाणी मीच घातले. रोपवाटिकेतला माणूस खोटे बोलला नव्हता; चौथ्या वर्षी सातवीण पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डोकावू लागली.

सातवीण मला लहानपणापासून ठाऊक होती. आमच्या कोकणातल्या गावामागच्या रानात दोन मोठ्या सातविणी होत्या. आजी आम्हांला तिन्हीसांजेनंतर त्या बाजूला फिरकू देत नसे. "सैतानाचं झाड ते, तिथं निजलेला माणूस उठत नाही," असे ती सांगे. तिची ही समजूत मी मोठेपणी हसण्यावारी नेली. शहरात येऊन चार बुके वाचलेल्या माणसाला आजीच्या समजुतींना हसण्याचा हक्क आपोआप मिळतो, असे त्या काळी मला वाटत असे.

शिवाय झाड देखणे. एका देठाच्या टोकाशी बहुधा सात पानांचे चक्र, छत्रीच्या काड्या पसराव्यात तसे. फांद्यांचे मजल्यावर मजले. आणि शरदात त्यांवर हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे गेंद. संस्कृतात ती सप्तपर्ण. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू शरद ऋतूत दिग्विजयाला निघतो, तेव्हा या फुलांचा वास हत्तींच्या मदासारखा आहे असे कालिदास सांगतो, आणि त्या वासाने रघूच्या हत्तींनाही मद फुटतो. महाकवीने त्याला मोगऱ्याच्या पंक्तीला बसवले नाही, याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते. तिचे शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कॉलॅरिस. तिच्या हलक्या लाकडाच्या पाट्या पूर्वी शाळांतून वापरीत, म्हणून 'स्कॉलॅरिस'. शांतिनिकेतनात पदवीदानाच्या वेळी तिचे पान देण्याची रीत आहे. तुळू मुलखात आषाढी अमावास्येला तिच्या सालीचा कडूजहर रस पहाटे उपाशीपोटी घेतात. आणि ऐकून नवल वाटेल, जुन्या वैद्यकग्रंथांत तिची साल श्वासाच्या विकारावर सांगितली आहे!

आमची सातवीण वाढली तसे तिचे पाहून शेजारच्यांनी लावली, त्यांचे पाहून समोरच्यांनी. आज आमच्या एका गल्लीत चौदा सातविणी आहेत. पुण्याच्या पुष्कळ रस्त्यांची हीच कथा आहे. रानात एखादीच सातवीण असते, तिचा वास वाऱ्यावर येतो आणि जातो. इथे चौदाजणी एकाच रात्री उमलतात, आणि दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमधून तो वास जाणार कुठे?

पहिली काही वर्षे लोक कौतुक करीत. मग कोणी म्हणू लागले, डोके दुखते. कोणी म्हणाले, मळमळते. मी मनातल्या मनात त्या सर्वांना नाजूक प्रकृतीचे ठरवून टाकले. माझा हा निर्धास्तपणा नानांच्या नातीने मोडला.

नाना आमच्या शेजारचे. 2001 साली ते इथे राहायला आले, आणि तेव्हापासून आमच्या दोन घरांत वाटीभर साखरेपासून वर्तमानपत्रापर्यंत सर्व गोष्टींची देवघेव आहे. 2021 साली त्यांची सहा वर्षांची नात आईवडिलांसह त्यांच्याकडे राहायला आली. पोरगी चुणचुणीत, जिन्यात तिचा आवाज आधी येई, मागून ती. पण दसरा उलटला आणि तो आवाज बसला. आधी शिंका, मग खोकला; मग रात्री भिंतीपलीकडून येणारी ती शीळ. दम्याच्या मुलाच्या छातीतून निघणारी शीळ ज्याने ऐकली आहे, त्याला ती निराळी सांगायला नको.

2022 च्या नवरात्रात सोसायटीची सभा भरली. विषय एकच: फाटकाजवळचे झाड. चिटणीस वाचून आले होते. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल, सर्वांच्या सह्यांचा अर्ज करावा, असे त्यांनी सांगितले. मग कोणीतरी मागच्या खुर्चीवरून विचारले, "पण मुळात हे झाड लावलं कोणी?"

जुने बिऱ्हाड आमचेच तेवढे उरलेले. उत्तर ठाऊक असलेली माणसे त्या सभेत दोनच, मी आणि सौ. तिने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "असेल बिल्डरनं लावलेलं," कोणी म्हणाले, आणि विषय पुढे गेला. सहीचा कागद फिरत माझ्याकडे आला तेव्हा मी चष्मा घरी विसरल्याचे सांगितले. चष्मा माझ्या खिशात होता.

त्या रात्री सौ. काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला चांगले समजते.

नंतर आली वसुबारस. सबंध दिवस नानांच्या घरी साफसफाई चालली होती. माळ्यावरचे सामान खाली आले होते, वहिनी गॅलरीत गाद्या झटकत होत्या, धुरळ्याने उन्हाची तिरीप दिसत होती. दिवाळी म्हटली की हे आलेच. आमच्याकडेही तेच चालले होते. रात्री दीडच्या सुमारास दारावर थाप पडली. दारात नाना, आणि त्यांच्या खांद्यावर ती पोर. मुलगा-सून गावी गेलेली. तिचे ओठ निळसर दिसत होते, प्रत्येक श्वासाला गळ्याशी खळगा पडत होता. मी गाडीची किल्ली घेतली.

फाटकातून गाडी बाहेर काढताना सातविणीचा फुलोरा टपावर घासला. काही फुले काचेवर पडली. वायपर लावावा तर हात होईना. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या वासाने मळमळले.

इस्पितळात तिच्या तोंडावर वाफेच्या औषधाचा मुखवटा चढवला. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. तास दीड तास गेला असेल. आत आवाज हळूहळू शांत होत होता. मी म्हणालो, "नाना, ते झाड मी लावलंय."

नाना भिंतीला डोके टेकून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"वहिनींनी सांगितलं होतं. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी. केवढ्या कौतुकानं सांगितलं होतं त्यांनी."

मग सभेत हा गृहस्थ गप्प का बसला? मी विचारले नाही. काही गोष्टी विचारल्या की त्यांचे मोल उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिटणिसांकडे गेलो, झाड मी लावल्याचे सांगितले, आणि खिशातला चष्मा काढून अर्जावर सही केली.

इथे ही गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिली नसती. जानेवारी 2023 मध्ये डॉक्टरांनी नातीची तपासणी करून घेण्यास सांगितले. नानांनी मला बरोबर नेले. का नेले, ते मी ओळखले. चार-पाच दिवस आधीपासून शिंकांच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मग मुलीच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशी निरनिराळ्या द्रावाचा एकेक थेंब ठेवला, आणि प्रत्येक थेंबातून सुईने कातडी हलकेच टोचली. पंधरावीस मिनिटे थांबायचे. ज्या थेंबाशी शरीराचे वैर, तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. तिची रुंदी पट्टीने मोजतात. पोर धीराची. "आजोबा, सात नंबर खाजतोय," एवढेच म्हणाली.

सात नंबर निघाला घरातल्या धुळीतला कीटक. डोळ्यांना न दिसणारा हा जीव गाद्या-उशांतून राहतो आणि आपल्याच अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतो. त्याची गांधी सर्वांत मोठी. त्याखालोखाल दुसरी उठली ती वावळ्याची. मग गवतांची, गाजर गवताची.

"आणि सातवीण?" मी विचारले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

डॉक्टर म्हणाल्या, "तिचा थेंब या संचात नाही."

जिच्यावर खटला भरला, ती ओळखपरेडीला हजरच नव्हती! मला सुटका हवी होती, ती मिळाली नाही. शिक्षाही झाली नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. ज्या फुलांना रंग आहे, वास आहे, मध आहे, त्यांचे काम किडे करतात. त्यांचे परागकण बहुधा जड आणि चिकट असतात, फार दूर उडत नाहीत. ज्यांना वाऱ्यावर हवाला ठेवायचा असतो, ती झाडे वास आणि रंगावर खर्च करीत नाहीत. ती कोरडे, हलके पराग हवेत अलोट उधळतात. गवते तशी, वावळा तसा. पण म्हणून सातवीण निर्दोष म्हणता येत नाही. आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला कोणताही उग्र दर्प सोसत नाही, मग तो उदबत्तीचा असो, फटाक्यांच्या धुराचा असो, की फुलांचा. "मुख्य आरोपी नसेल," त्या म्हणाल्या, "पण त्या रात्री ती तिथं होती."

वावळ्याचे नाव ऐकून मी थक्क झालो. मुलीच्या शाळेच्या वाटेवर दोन जुने वावळे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांच्या गोल पापड्या वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येतात, त्या मी तिला कितीदा वेचून दिल्या होत्या! त्या पापड्यांच्या आधी, माघाच्या सुमारास, निष्पर्ण फांद्यांवर बिनपाकळ्यांची तपकिरी हिरवी फुले येऊन जातात. ती कोणाला दिसत नाहीत. मागच्या फेब्रुवारीत पोरीला आलेला खोकला आम्ही आइस्क्रीमच्या खाती मांडला होता.

वहिनींची गोष्ट मात्र मला अजून बोचते. धुळीचे नाव ऐकून त्या मटकन खाली बसल्या. "म्हणजे त्या दिवशी गाद्या मीच झटकल्या की हो!" त्यांच्या डोळ्यांचे पाणी खळेना. चाळीस वर्षे ज्या हातांनी दिवाळीला घर लख्ख केले, ते हात त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सौ. त्यांच्याजवळ जाऊन बसली. पुरुषांना अशा वेळी वर्तमानपत्र उघडण्यापलीकडे काही सुचत नाही. आम्ही एकेक पान वाटून घेतले.

त्यानंतर या विषयाचे मला वेडच लागले. मिळेल तिथून वाचून काढले. आणि वाचता वाचता ध्यानात आले, की वासावर आळ घेणारे आम्ही काही पहिले नव्हेत. 1819 साली जॉन बॉस्टॉक या लंडनच्या डॉक्टराने दर उन्हाळ्यात होणाऱ्या एका चमत्कारिक पडशाचे वर्णन केले. रोगी तो स्वतःच. लोक म्हणत, ताज्या कापलेल्या गवताच्या वासाने हे होते; म्हणून त्या विकाराला 'गवती ताप' असे नाव पडले. बॉस्टॉकला ते पटले नाही. त्याने दोष दिला उन्हाला. वास्तविक त्यात ताप नसतो आणि कापलेल्या गवताचा संबंधही नसतो. पण नाव चिकटले ते चिकटलेच. खरा अपराधी सापडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅकली हाही याच दुखण्याचा. त्याने स्वतःच्या नाकात आणि ओरखडलेल्या हातावर पराग घालून पाहिले. हवेत उंचावर ते असतात का हे बघायला पतंगाला चिकट काचपट्टी बांधून तो आकाशात सोडला. आणि 1873 साली पुस्तक छापून सांगितले, की हे काम वासाचे नव्हे, उन्हाचे नव्हे, परागाचे आहे. प्रतिष्ठित डॉक्टर भर कुरणात पतंग उडवतो आहे आणि मध्येच सटासट शिंकतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी एकटाच हसलो. 'ॲलर्जी' हा शब्द त्याहून पुढचा, व्हिएन्नाच्या फॉन पिर्के याने 1906 साली बनवलेला. आणि रक्तातला जो पदार्थ निरुपद्रवी परागाला शत्रू समजून हाकाटी करतो, तो 1966 साली अमेरिकेत इशिझाका या जपानी पती-पत्नींनी हुडकला. चोर सोडून पाहुण्याला धरणारा हा पहारेकरी आहे. तो आळशी असता तर बरे झाले असते. तो फाजील दक्ष आहे, हेच दुखणे.

सहीचा तो अर्ज अजून चिटणिसांच्या फायलीत आहे. कोणी तो मागे घेतला नाही, आणि कोणी पुढेही नेला नाही. रीतसर परवानगी काढून नानांच्या खिडकीवर आलेल्या तीन फांद्या तेवढ्या छाटून घेतल्या. जखमेतून पांढरा चीक बराच वेळ ठिबकत होता. मी खाली उभा राहून पाहिले. नाना आत गेले.

गाद्यांना आता घट्ट विणीच्या खोळी आहेत. सफाई ओल्या फडक्याने होते, आणि त्या दिवशी पोर आमच्याकडे असते. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाजर गवत कमरेएवढे माजलेले असे. 1955 च्या सुमारास हे तण पुण्यात उकिरड्यांवर प्रथम लोकांच्या नजरेत आले, आणि पुढे देशभर पसरले. ते उपटायला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्याच्याविरुद्ध सभा कधी भरली नव्हती. दर जुलैत, ते फुलावर येण्याआधी, मी आणि नाना हातमोजे घालून ते उपटतो. हातमोजे हवेतच, त्याने अंगाला खाज सुटते. दोन म्हातारे तिथे वाकून काय शोधताहेत, असे येणारेजाणारे विचारतात. नाना सांगतात, "अंगठी पडलीय."

पोरीचा दमा गेलेला नाही. तो तसा जातही नाही म्हणतात. पण ती औषधाचा फवारा स्वतः मोजून घेते, आणि घेतल्यावर चूळ भरायला आजीला विसरू देत नाही. गेल्या वर्षी तिने शाळेत सातविणीवर निबंध लिहिला. त्यात 'हे झाड शेजारच्या आजोबांनी लावले' असे वाक्य होते. पुढे काय लिहिले आहे ते वाचायला मी घाबरलो. पुढे पानांची संख्या होती.

आणि मी? मला तो वास अजून आवडतो. हे कबूल करायला थोडी लाज वाटते, पण नाक काही सोसायटीच्या ठरावाने चालत नाही. फरक इतकाच पडला आहे, की पहिली झुळूक आली तरी पूर्वीसारखा मी तिथे रेंगाळत नाही. भिंतीकडे कान जातात.

यंदाही तसेच झाले. जेवण आटोपून गॅलरीत आलो, आणि खालून तो वर चढला. सौ. आतून काही बोलायच्या आधीच मी चपला पायांत सरकवून नानांची घंटा वाजवली. दार उघडायला वेळ लागला. नाना हात पुशीत दारात आले.

"आली," मी म्हटले.

"कळलं," ते म्हणाले, "खिडक्या लावल्यात. आत या, चहा टाकलाय."